आगबोटविषयक सचित्र ग्रंथसंग्रह

ठराविक मार्गावर ठराविक वेळापत्रकानुसार उतारू व टपाल नेणाऱ्या मोठ्या सागरी आगबोटींविषयीचे सचित्र ग्रंथ, कंपन्यांच्या माहितीपुस्तिका, डेकांचे नकाशे आणि तत्सम मुद्रित साहित्य जमविणे, त्यातील चित्रांची ओळख पटविणे व ते जतन करणे, असे या छंदाचे स्वरूप आहे. नेमलेल्या ‘लाइन’वर चालणारी म्हणून अशा बोटीस ‘लाइनर’ म्हणतात. माल मिळेल त्या बंदरास जाणाऱ्या ‘ट्रँप’ बोटीहून ती वेगळी. क्युनार्ड कंपनीची अटलांटिकवरील नियमित टपाल वाहतूक १८४० मध्ये सुरू झाली, तेथपासून साधारणतः १९७० पर्यंतचा काळ हा या बोटींचा काळ समजला जातो. अटलांटिकवर १९५८ मध्ये जेट विमानांची उतारू वाहतूक सुरू झाली आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत बहुतेक मोठ्या बोटी एक तर मोडीत निघाल्या किंवा पर्यटनासाठी वापरल्या जाऊ लागल्या.

या छंदाला केवळ हौसेपलीकडचे महत्त्व येते ते एका साध्या कारणामुळे. इमारत शतकानुशतके उभी राहू शकते. आगबोटीचे आयुष्य मात्र पंचवीस-तीस वर्षांचे. त्यानंतर ती भंगारात जाते. तिचे दिवाणखाने, जिने, यंत्रदालने, तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या खोल्या यांपैकी काहीही जागेवर उरत नाही. १९३६ मध्ये सेवेत आलेली ‘क्वीन मेरी’ १९६७ पासून कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे उभी आहे, हा अपवाद. फ्रान्सच्या ‘नॉर्मंडी’ला (१९३५) फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आग लागली, ती कलंडली आणि युद्धानंतर तिचे भंगार झाले. तिची अंतर्गत सजावट आज जी पाहावयास मिळते ती विखुरलेल्या काही वस्तूंमध्ये आणि मुख्यतः त्या वेळच्या मुद्रित चित्रांमध्ये, विशेषतः लिल्युस्त्रास्यों या फ्रेंच साप्ताहिकाने जून १९३५ मध्ये काढलेल्या खास अंकात. म्हणजे अनेक बोटींच्या बाबतीत ग्रंथ हेच शिल्लक राहिलेले साधन होय.

खानदेश आणि समुद्र : जळगाव व धुळे हे जिल्हे समुद्रकिनाऱ्यापासून दूर आहेत. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या तिन्हींपैकी एकालाही बंदर नाही. तथापि हा प्रदेश समुद्रव्यवहाराच्या वाटेवर नेहमीच होता. मोगल काळात बुऱ्हाणपूर ते सुरत हा मार्ग तापीच्या खोऱ्यातूनच जात असे, आणि इंग्रज वकील टॉमस रो हा १६१५ मध्ये सुरतेहून याच वाटेने बुऱ्हाणपुरास गेला. एकोणिसाव्या शतकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी आली आणि खानदेशचा कापूस मुंबईच्या गोदीत व तेथून परदेशी जाऊ लागला. चाळीसगाव–धुळे हा फाटा १९०० मध्ये सुरू झाला.

उतारूंच्या दृष्टीने अधिक लक्षणीय गोष्ट म्हणजे १९१२ मध्ये सुरू झालेली ‘पंजाब लिमिटेड’ ही गाडी. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर विलायतेची टपाल-बोट लागली की तिचे टपाल आणि तिच्यातील वरच्या दर्जाचे उतारू घेऊन ती पेशावरकडे निघत असे व तिचा मार्ग जळगाव-भुसावळवरून जात असे. आजची ‘पंजाब मेल’ ती हीच. तेव्हा खानदेशातील माणसाला आगबोट दिसत नसली, तरी तिची जोडगाडी त्याच्या स्थानकावरून जात होती.

या प्रदेशाच्या उंबरठ्यावरच भारतातील सर्वांत प्रसिद्ध नौकाचित्रही आहे. अजिंठा हे ठिकाण आज छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात असले, तरी तेथे जाण्याचे सोयीचे रेल्वेस्थानक जळगाव असून ते सुमारे ६० किमी. अंतरावर आहे. येथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे, शिडे उभारलेले व रांजण लादलेले एक गलबत रंगविलेले आहे. पूर्ण-अवदान या कथेतील हे चित्र होय. त्याच्या प्रतिकृतींचा इतिहास ग्रंथसंग्राहकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. मेजर रॉबर्ट गिल याने १८४० च्या दशकापासून अजिंठ्याच्या चित्रांच्या ज्या मोठ्या नकला केल्या, त्यांपैकी बहुतेक लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला डिसेंबर १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. गिल १८७९ मध्ये मरण पावला. त्याची कबर भुसावळ येथे आहे. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात नव्याने नकला केल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. दोनदा आगीतून गेलेले हे काम सर्वसामान्य अभ्यासकापर्यंत पोहोचले ते ग्रिफिथ्सच्या १८९६-९७ मध्ये निघालेल्या द्विखंडात्मक ग्रंथामुळे. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ मध्ये भारतीय नौकानयनाचा इतिहास लिहिला तेव्हा अजिंठा व बोरोबुदूर येथील नौकाचित्रांना त्यात पुराव्याचे स्थान मिळाले. मूळ वस्तू नष्ट झाली आणि तिचे छापील चित्र उरले, हा प्रकार आगबोटींपुरताच मर्यादित नाही, हे यावरून दिसेल.

ग्रंथांचे प्रकार : संग्रहयोग्य साहित्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : बोट चालू असताना तिच्याविषयी निघालेले आणि ती गेल्यानंतर लिहिले गेलेले. पहिल्या वर्गात अभियांत्रिकी नियतकालिकांचे खास अंक सर्वांत मोलाचे. न्यूकॅसल येथे १९०६ मध्ये सुरू झालेल्या शिपबिल्डर या नियतकालिकाने ‘मॉरेटेनिया’ (१९०७) व ‘ऑलिंपिक’-‘टायटॅनिक’ (१९११) या बोटींवर जे अंक काढले, त्यांत आडवे छेद, बाष्पित्रांची मांडणी, डेकांचे घडीचे नकाशे व दिवाणखान्यांची छायाचित्रे इतक्या तपशिलाने आली आहेत की नंतरचे बहुतेक लेखक त्यांवरच अवलंबून राहिले. मूळ अंक दुर्मिळ असून केंब्रिजच्या पॅट्रिक स्टीफन्स या प्रकाशनसंस्थेने १९७० पासून त्यांची पुनर्मुद्रणे काढली. सामान्य संग्राहकाने याच पुनर्मुद्रणांपासून सुरुवात करावी. त्यांत मजकूर व नकाशे मुळाबरहुकूम आहेत, छायाचित्रांचा रेखीवपणा मात्र काहीसा उणावलेला आहे.

कंपन्यांनी स्वतः काढलेल्या पुस्तिका आकर्षक असतात, पण त्या जाहिराती आहेत हे विसरून चालत नाही. चित्रकाराने धक्क्यावरील माणसे व शेजारची खेचबोट मुद्दाम लहान काढून बोट पर्वतप्राय भासवावी, हा नित्याचा परिपाठ होता. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवरील जीवनाची डब्ल्यू. डब्ल्यू. लॉइड याने काढलेली विनोदी शिलामुद्रित रेखाचित्रे १८९० च्या दशकाच्या प्रारंभी संग्रहरूपाने निघाली. त्यांत उकाड्याने हैराण झालेले उतारू, डेकवरील खेळ, नोकरचाकर असे जे दिसते ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत दिसत नाही. फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्ब्यूझ्ये याने १९२३ मध्ये वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात ‘अॅक्विटानिया’सारख्या बोटींची छायाचित्रे घेऊन नव्या इमारतींनी बोटींपासून शिकावे असे प्रतिपादन केले, बोटींचा म्हणून न ओळखला जाणारा हा ग्रंथ जाणते संग्राहक आवर्जून ठेवतात.

बोटी संपल्यानंतरच्या वर्गात फ्रँक ब्रेनर्ड (१९४७), जॉन मॅक्स्टन-ग्रॅहम (१९७२) व विल्यम मिलर (१९८१ पासून अनेक) यांची पुस्तके लोकप्रिय आहेत. संदर्भासाठी मात्र आर्नोल्ड क्लुडास या जर्मन लेखकाचे १९७२–७४ मधील पाच खंड अधिक उपयोगी. त्यांत १०,००० टनांवरील उतारू बोटींची बांधणी, मालकीबदल व शेवट यांची शिस्तीने नोंद आहे. येथे सांगितले पाहिजे की, या ग्रंथांतील ‘टन’ हे वजन नसून बंदिस्त जागेचे माप आहे : १०० घनफूट म्हणजे एक नोंदणी टन. अनेक मराठी लेखांत अमुक बोटीचे ‘वजन’ इतके टन असे लिहिलेले आढळते, ते चूक आहे. १९८५ मध्ये ‘टायटॅनिक’चे अवशेष सापडल्यानंतर त्या एका बोटीवर पुस्तकांचा पूर आला. त्यांतील डॉन लिंच यांचा मजकूर व केन मार्शल यांची रंगचित्रे असलेला १९९२ चा ग्रंथ वगळता फारच थोड्या पुस्तकांनी नवे चित्र दिले.

चित्रांची ओळख : संग्राहकाचे खरे कौशल्य येथे लागते. ग्रंथातील चित्राखाली छापलेले नाव बरोबर असतेच असे नाही. ‘टायटॅनिक’ म्हणून छापल्या जाणाऱ्या अंतर्भागाच्या छायाचित्रांपैकी पुष्कळशी प्रत्यक्षात तिची भगिनी-बोट ‘ऑलिंपिक’ हिची आहेत, कारण ‘ऑलिंपिक’ आधी तयार झाली आणि तिची छायाचित्रे भरपूर घेतली गेली. बाहेरून पाहता ‘टायटॅनिक’च्या वरच्या फिरण्याच्या डेकचा पुढील अर्धा भाग खिडक्यांच्या तावदानांनी बंद केलेला होता, तर ‘ऑलिंपिक’चा तो डेक अखेरपर्यंत मोकळा राहिला. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी अनेक पुस्तकांतील चुका ताबडतोब उघड होतात.

मुंबईच्या मार्गावरील बोटींनाही अशा खुणा आहेत. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींची अंगे पूर्वी काळी रंगविलेली असत. १९३१ च्या ‘स्ट्रॅथनेव्हर’पासून पांढरे अंग व पिवळसर धुराडी आली. ‘स्ट्रॅथनेव्हर’ला तीन धुराडी होती, पण त्यांतील पहिले व तिसरे केवळ शोभेचे असून ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत काढून टाकण्यात आली. त्यामुळे तीन धुराड्यांची पांढरी ‘स्ट्रॅथनेव्हर’ दिसली की चित्र युद्धापूर्वीचे, आणि एका धुराड्याची दिसली की युद्धानंतरचे, असा निर्णय चित्रावरून देता येतो. पुस्तकात काहीही लिहिलेले असो.

नावांच्या पुनरावृत्तीने होणारा घोटाळा याहून गंभीर आहे. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर १५ ऑगस्ट रोजी ‘मुलतान’ या बोटीने व गांधीजी २९ ऑगस्ट रोजी ‘राजपुताना’ या बोटीने मुंबईहून निघाले. पी. अँड ओ.च्या ‘मुलतान’ नावाच्या एकाहून अधिक बोटी होऊन गेल्या. १९०५ ची ‘मुलतान’ १०,००० टनांहून लहान होती व ती १९१७ मध्ये भूमध्य समुद्रात पाणतीराने बुडाली; डॉ. आंबेडकरांची बोट १९२३ मध्ये सेवेत आलेली, २०,००० टनांहून मोठी. दोघींनाही दोनच धुराडी असल्याने एकीचे चित्र दुसरीच्या नावावर खपून जाणे सोपे असते. चरित्रग्रंथात किंवा स्मरणिकेत चित्र छापताना बोटीचे नाव जुळले एवढ्यावर समाधान न मानता वर्ष पाहावे लागते. सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेच्या बंदरात जिच्यातून उडी घेतली ती ‘मोरिया’ (१९०८) ही त्या जुन्या ‘मुलतान’च्याच वर्गातील बोट. मराठी वाचकाला तिचे नाव पाठ असते, पण तिचे विश्वसनीय चित्र क्वचितच पाहण्यात असते.

मुंबईच्या बोटी : केवळ अटलांटिकवरील प्रसिद्ध बोटींच्या मागे न लागता मुंबई बंदराशी संबंधित बोटींचे साहित्य जमविणे हे महाराष्ट्रातील संग्राहकाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरते. ते तुलनेने स्वस्त मिळते व त्याच्या अभ्यासाला वावही अधिक आहे. पी. अँड ओ.च्या शताब्दीनिमित्त निघालेला बॉइड केबल याचा १९३७ चा ग्रंथ आणि कंपनीच्या दीडशे वर्षांचा डेव्हिड व स्टीफन हॉवर्थ यांनी लिहिलेला १९८६ चा इतिहास हे दोन्ही चित्रांनी समृद्ध आहेत. मात्र दोन्हींत डेकखाली राबणाऱ्या हिंदी खलाशांना व आगवाल्यांना चित्रांत जागा थोडी मिळाली आहे.

‘इजिप्त’ या बोटीची कथा या विषयातील ग्रंथांना जन्म देणारी ठरली. लंडनहून मुंबईस येणारी ही बोट २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात ‘सेन’ या फ्रेंच मालबोटीशी टक्कर होऊन बुडाली. ८६ माणसे दगावली. तिच्यावर सुमारे दहा लाख पौंड किंमतीचे सोने व चांदी होती. ‘आर्तिल्यो’ या इटालियन बोटीवरील पाणबुड्यांनी सुमारे सत्तर फॅदम (सु. १२८ मी.) खोलीवर ती शोधून काढली. मधल्या काळात, डिसेंबर १९३० मध्ये, दारूगोळ्याने भरलेले दुसरे बुडीत जहाज उडविताना ‘आर्तिल्यो’ स्वतःच स्फोटात नष्ट झाली. दुसऱ्या बोटीने काम पुढे नेऊन १९३२ मध्ये सोने वर काढले. वृत्तपत्र-प्रतिनिधी म्हणून बरोबर असलेल्या डेव्हिड स्कॉट याने १९३१ व १९३२ मध्ये लिहिलेली दोन सचित्र पुस्तके जुन्या बाजारात अद्याप मिळू शकतात. त्यांतील पाणबुड्याच्या लोखंडी कवचाची छायाचित्रे तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांनाही उपयुक्त आहेत.

एकच बोट दोन देशांच्या ग्रंथांत दोन रूपांनी यावी, याचे उत्तम उदाहरण ‘लॉयल्टी’ होय. १८९१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ती बांधली गेली व पॅसिफिक महासागरातील शुभ्र, देखणी बोट म्हणून त्या कंपनीच्या इतिहासांत तिची छायाचित्रे येतात. १९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेऊन युद्धकाळात रुग्णालय-बोट म्हणून दिली, तेव्हा तिला ‘लॉयल्टी’ हे नाव मिळाले. नंतर ती सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. तोच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९२३ मध्ये मुंबईतच ती मोडली गेली. ना. गो. जोग यांनी १९६९ मध्ये सिंदिया कंपनीचा इंग्रजी इतिहास लिहिला. कॅनेडियन पुस्तक व जोगांचे पुस्तक शेजारी ठेवल्याशिवाय या बोटीचे पूर्ण चरित्र हाती येत नाही, आणि असे शेजारी ठेवणे हेच संग्रहाचे काम.

याउलट ज्या बोटी येथील लोकांच्या स्मरणात खोल रुतल्या आहेत, त्यांची चित्रे अत्यल्प आहेत. १८८८ मध्ये काठेवाडच्या किनाऱ्यालगत शेकडो उतारूंसह नाहीशी झालेली ‘वैतरणा’ (विजेच्या दिव्यांमुळे गुजरातीत ‘वीजळी’) आणि १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे जाताना बुडालेली ‘रामदास’ या दोन बोटी लोकगीतांत, आठवणींत व वृत्तपत्रांत आहेत. ‘रामदास’वरील सहाशेहून अधिक माणसे दगावली. तरीही ‘टायटॅनिक’च्या एका जिन्यावर जितके कागद खर्ची पडले त्याच्या शतांशानेही या बोटींची चित्रे, नकाशे छापले गेलेले नाहीत. श्रीमंत उतारूंच्या बोटींचे चित्रण झाले, गरिबांच्या बोटींचे झाले नाही, हे या संपूर्ण ग्रंथव्यवहाराचे वैगुण्य आहे. कोकणच्या बोटीची तिकिटे, वेळापत्रके, जुन्या मासिकांतील कात्रणे हे साहित्य म्हणूनच नामांकित ग्रंथांइतक्याच काळजीने ठेवावयास हवे.

मराठीत केवळ आगबोटींना वाहिलेले सचित्र ग्रंथ थोडे असले, तरी प्रवासवर्णनांत सामग्री आहे. पंडिता रमाबाईंचा इंग्लंडचा प्रवास (१८८३), अनंत काणेकरांचे धुक्यातून लाल ताऱ्याकडे (१९४०) आणि शि. द. फडणीसांच्या रेखाचित्रांनी नटलेले पु. ल. देशपांडे यांचे अपूर्वाई (१९६०) ही त्या वाटेवरील ठळक नावे. पुण्याच्या चित्रशाळेने १९१० मध्ये सुरू केलेल्या चित्रमय जगत् या मासिकाच्या जुन्या संचांमधूनही जगातील घडामोडींची छायाचित्रे त्या काळी मराठी घरांत पोहोचली. त्यांतील बोटींच्या चित्रांची सूची करणे हे एखाद्या अभ्यासकाने हाती घेण्याजोगे काम आहे.

मुद्रणपद्धती व प्रत तपासणे : साध्या भिंगाने मुद्रणपद्धती ओळखता येते. लाकडी ठशात कोरीव रेषा दिसतात, शिलामुद्रणात खडूसारखा रवाळपणा, आणि १८८० नंतर रूढ झालेल्या हाफटोन ठशात ठिपक्यांची नियमित जाळी. हाफटोन ठसे खरबरीत कागदावर नीट उठत नसल्याने चित्रे गुळगुळीत आर्ट पेपरवर वेगळी छापून मजकुराच्या फर्म्यांत मागाहून चिकटविली जात. त्यामुळे पृष्ठांक सलग असूनही चित्रपत्र गहाळ असू शकते. प्रारंभीच्या चित्रसूचीशी एकेक चित्र ताडून पाहिल्याखेरीज जुनी प्रत घेऊ नये. चौकटीत लावण्यासाठी चित्रे कापून विकण्याची प्रथा असल्याने ही खबरदारी आवश्यक ठरते. डेकांचे घडीचे नकाशे घडीवरच फाटतात व सर्वांत आधी हरवतात. ते शाबूत असतील तर प्रतीची किंमत सहज वाढते.

खानदेशातील हवामान व जतन : आर्ट पेपरचा गुळगुळीतपणा चिनी मातीच्या थरामुळे येतो आणि तो थर सरस किंवा स्टार्च यांनी बांधलेला असतो. असे पुस्तक भिजून तसेच वाळले, तर पानांची वीट बनते व ती कोणत्याही उपायाने सुटत नाही. भिजलेली प्रत वाळण्यापूर्वीच पानापानांत टिपकागद किंवा मेणकागद घालून, पंख्याच्या वाऱ्यावर सावकाश सुकवावी लागते. तत्काळ शक्य नसेल तर पिशवीत गुंडाळून गोठवून ठेवणे अधिक सुरक्षित. जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या पुढे जाते व हवा अत्यंत कोरडी असते. या कोरडेपणात पुठ्ठ्यांचा सरस ठिसूळ होऊन पाठ सुटते, चामडी बांधणी भुकटी होऊन हाताला लागते. लगेच जूनमध्ये दमट हवा सुरू झाली की त्याच पुस्तकांवर बुरशी धरते. समुद्रकाठच्या सततच्या दमटपणापेक्षा हा अचानक बदल बांधणीला अधिक घातक असतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून कपाट न ठेवणे, पत्र्याच्या छपराखालची माळ्यावरची जागा टाळणे आणि पावसाळ्याच्या तोंडावर कपाटे उघडून प्रत्येक पुस्तक हाताळणे, एवढ्याने पुष्कळ हानी टळते.

जुन्या दप्तरांत कागद सुती रुमालांत बांधून ठेवीत. वेखंड, कडुनिंबाचा पाला यांचाही वापर होई. सुट्या कागदांना व हस्तलिखितांना ही पद्धत मानवते. मोठ्या आकाराची, जड चित्रग्रंथांची पुस्तके मात्र बांधून ठेवू नयेत, उभीही ठेवू नयेत. ती आडवी, दोन-तीनहून अधिक थर न करता ठेवावीत. चिकटपट्टीने फाटलेले पान जोडणे हा सर्वांत सामान्य व सर्वांत महागात पडणारा उपचार आहे, कारण काही वर्षांत तिचा चिकट अंश कागदात उतरून कायमचा पिवळा डाग राहतो.

नोंदवही : संग्रहाचे मोल त्याच्या नोंदींवर अवलंबून असते. या बाबतीत धुळ्याने घालून दिलेला धडा परका विषय म्हणून दूर सारण्याजोगा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निवर्तले व १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढताना कागद कोणत्या घराण्याच्या दप्तरातून आला याला त्यांनी जे महत्त्व दिले, तेच छापील पुस्तकालाही द्यावे लागते. प्रत कोठून व केव्हा घेतली, तीवर पूर्वीच्या मालकाची सही किंवा बोटीवरील ग्रंथालयाचा शिक्का आहे काय, आत तिकीट, मेनूपत्रिका वा पत्र सापडले काय, हे लिहून ठेवावे. आत सापडलेला कागद पुस्तकापासून वेगळा करावयाचाच असेल तर दोहोंवर एकच क्रमांक घालावा.

सार्वजनिक वाचनालयांत या साहित्याची हेळसांड दोन प्रकारे होते. पुनर्बांधणी करताना बाइंडर वेष्टन, जाहिरातींची पाने व समास कापून टाकतो. या ग्रंथांच्या बाबतीत जाहिरातींची पानेच कधीकधी पुस्तकाची तारीख सांगणारी असतात. दुसरे म्हणजे वाचनालयाचा जांभळा रबरी शिक्का, जो नेमका चित्राच्या मधोमध मारला जातो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर ग्रंथालयांची संख्या वाढली, आणि जागेअभावी जुनी, वाचकांकडून न मागितली जाणारी पुस्तके बाद करण्याचे प्रमाणही. बाद ग्रंथांच्या याद्या रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी पाहावयास मिळाल्या, तर संग्राहकाला मुंबईच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जे मिळत नाही ते जिल्ह्याच्या गावी मिळू शकते. शिक्का चित्राच्या मागील कोऱ्या बाजूस, खालच्या कोपऱ्यात व पेन्सिलीने घातलेल्या दाखल-क्रमांकाशेजारी मारला, तर वाचनालयाचा हक्क सिद्ध होतो आणि बोटीचे धुराडेही झाकले जात नाही.